कुराबिलच्या बंद कारखान्याची शंभर टक्के बचत

दिनांक : २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्रमुख नोंदणी अधिकारी,
आंतरराज्य ऊर्जाबचत पडताळणी व व्यवहार कार्यालय,
सहावा मजला, कॅनबेरा.

अर्जदार : श्रीमती ग्वेंडा ट्रेलोर, वय ६३, निवृत्त प्रमुख, शीतयंत्र विभाग, सध्या सचिव, कुराबिल दूध सहकारी मंडळी, मु. कुराबिल, मरे नदीचा उत्तर काठ, न्यू साउथ वेल्स.

विषय : बंद कारखान्याच्या नावे नोंदलेली दहा वर्षांची ऊर्जाबचत रद्द करून आम्हाला वीज वापरू देण्याबाबत, तसेच मेन स्विचचे सील मीच तोडल्याचे कळविण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. ऊब/बचतभंग/११४, दि. १८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. आपली वरील नोटीस मिळाली. तीत चार प्रश्न आहेत : सील कोणी तोडले, केव्हा तोडले, कोणाच्या हुकमाने तोडले, आणि तोडणाऱ्यावर कारवाई का करू नये. पहिल्या तिन्हींची उत्तरे सोपी आहेत. सील मी तोडले. सोमवार, दि. १६ जून २०२५ रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तोडले. हुकूम कोणाचाही नव्हता. पक्कड माझी होती. चौथ्या उत्तरासाठी आपण नोटिशीत दोन रेघा सोडल्या आहेत. त्या पुरल्या नाहीत, म्हणून ही पाने जोडली आहेत.

२. अर्जदाराची ओळख आपल्या नोंदवहीत 'स्थळ प्रतिनिधी' अशी आहे. ती अपुरी आहे. कुराबिलच्या लोणी कारखान्यात मी एकोणिसाव्या वर्षी दूध तपासायला लागले आणि तिसऱ्या वर्षी कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले. तिथले पुरुष तेव्हा म्हणाले होते, "आठवड्यात पळून जाईल पोरगी." त्यांच्यातला शेवटचा माणूस २००९ साली निवृत्त झाला. त्याच्या निरोपाचा केक मी कापला. कारखान्याची थंडी जवळजवळ चाळीस वर्षे माझ्या हाताखाली होती. वीज म्हणजे काय आणि ती कशाने वाचते, हे मला सहाव्या मजल्यावरून कोणी शिकवावे अशी माझी परिस्थिती नाही. हे उद्धटपणाने लिहीत नाही. नोंद असावी म्हणून लिहिते.

३. दि. ३० जून २०२१ रोजी कारखाना बंद झाला. अठ्ठावन्न माणसे घरी गेली. कंपनीचे नाव आपल्याकडे आहेच, ते इथे लिहून मी शाई घालवत नाही. कंपनीने नदीपलीकडे, व्हिक्टोरिया राज्याच्या काठाला, टोलबरी गावी नवा कारखाना बांधला होता. त्यातली इमारत तेवढी नवी होती. आमचे दोन्ही कॉम्प्रेसर, दूध तापवायचे यंत्र, दोन टाक्या आणि उपाहारगृहातला चहाचा बंबसुद्धा ट्रकवर चढवून पुलावरून नेण्यात आला. कुराबिल ते टोलबरी अंतर अकरा किलोमीटर आहे. ट्रकच्या नऊ फेऱ्या झाल्या. कॉम्प्रेसर जमिनीपासून सोडवायचे काम माझ्याकडेच होते, कारण ते नीट सोडवणारे दुसरे कोणी उरले नव्हते. मला त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस रिकाम्या इमारतीवर देखरेखीला ठेवले.

४. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या यादीवरील पडताळणी संस्थेचे श्री. कॅलम व्हिटबी आले. त्यांच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता आणि ते माझ्याशी लहान मुलाशी बोलावे तसे सावकाश बोलत होते. झाले ते असे :

"ग्वेंडा, तुम्ही फक्त मीटर बघून आकडा सांगा हं."

"शून्य."

"गेल्या तीन महिन्यांत?"

"शून्यच. मागच्या वर्षी याच तीन महिन्यांत मीटर गरगर फिरत होता."

"अरे वा! म्हणजे शंभर टक्के बचत."

"बचत कसली? कारखाना बंद पडलाय. यंत्रं नदीपलीकडे गेली."

त्यांनी हातातल्या टॅबलेटच्या पाटीवर बोट फिरवले. म्हणाले, "'कारखाना बंद' असा रकानाच नाहीये इथे. 'जुनी यंत्रे काढून नष्ट केली' असा आहे. जवळपास तेच झालं ना?"

"जवळपास म्हणजे? ती टोलबरीत चालू आहेत."

"टोलबरी दुसऱ्या राज्यात येतं. ते माझ्या अखत्यारीत नाही."

मग त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. "इथे सही करा. फक्त मीटरचा आकडा बरोबर आहे एवढ्यापुरती."

मी सही केली. आकडा बरोबर होता. आकड्याच्या वर काय लिहिले आहे ते मी वाचले नाही. चाळीस वर्षे यंत्रांच्या तक्त्यांवर सह्या करणाऱ्या बाईला हे शोभत नाही, आणि हा दोष मी कोणावर ढकलत नाही. या सगळ्या प्रकरणात आपल्या नोंदवहीत एकच खरी गोष्ट आहे : माझी सही. बाकी सर्व आपल्या कार्यालयाची करामत.

५. आपल्या योजनेचा नियम मला आता आपल्या कर्मचाऱ्यांपेक्षा बरा पाठ आहे. एखाद्याने यंत्रे सुधारून तेवढेच काम कमी विजेत केले, तर वाचलेल्या विजेची पडताळणी होते, तिचे क्रमांक घातलेले दाखले निघतात आणि ते कोणत्याही राज्यात विकता येतात. विकत घेणाऱ्याने जादा वीज जाळली असेल तर ती तेवढ्यापुरती माफ होते. 'तेवढेच काम' हे शब्द नियमातले आहेत, माझे नाहीत. कुराबिलला त्या वर्षी किती लोणी निघाले, असे विचारायला आपल्या कार्यालयाला एक टपाल तिकीट पुरले असते. उत्तर एका शब्दाचे होते.

ते न विचारता आपण कुराबिलच्या नावे दहा वर्षांची बचत आगाऊ मान्य केलीत, ३० जून २०३१ पर्यंत. कंपनीने तिचे सगळे दाखले विकले. घेणारा कोण? टोलबरीचा कारखाना, त्याच कंपनीचा. तिथे वीज जास्त लागत होती, कारण आमचे कॉम्प्रेसर तिथे चालत होते. म्हणजे तेच लोखंड, तीच मोटर, तीच वीज : उत्तरेच्या काठाला वाचलेली आणि दक्षिणेच्या काठाला माफ झालेली. उत्तरेच्या तपासनिसाने दक्षिणेकडे पाहिले नाही, दक्षिणेच्याने उत्तरेकडे. मधला पूल चारशे पावलांचा आहे. माझे गुडघे दुखतात तरी मी तो सहा मिनिटांत ओलांडते.

६. दोन वर्षांनी आपल्या कार्यालयाकडून मला एक काचेची ढाल आली. तिच्यावर 'उत्कृष्ट बचत स्थळ' असे कोरलेले होते, आणि सोबत सिडनीतल्या एका हॉटेलात जेवणाचे निमंत्रण होते. पोशाख औपचारिक, भाषण तीन मिनिटे. भाषणात इतर कारखान्यांना 'अनुकरणीय सूचना' द्याव्यात अशी विनंती होती. मी गेले नाही. माझ्याकडे एकच सूचना होती आणि ती तीन सेकंदांत संपली असती.

७. आता चौथ्या प्रश्नाकडे वळते. टोलबरीच्या कारखान्याने मागील वर्षी ठरवले, की दोनशेपेक्षा कमी गाई असलेल्यांच्या दारात दुधाचा टँकर जाणार नाही. आमच्या काठाचे बहुतेक सगळे त्यात गेले. श्रीमती नोलीन क्रॉथर यांच्या चौसष्ट गाई आहेत. त्यांनी पहिल्या दिवशीचे दूध कुरणात ओतले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"ग्वेन, मला ते ओतताना बघवत नाही. गाई बघत होत्या गं."

"गाईंना काय कळतंय?"

"त्यांना नसेल कळत. मला कळतं ना."

त्याच स्वयंपाकघरात आमची मंडळी स्थापन झाली. तेवीस सभासद. रिकामी इमारत आता गावच्या कौन्सिलच्या ताब्यात आहे; तिने कारखान्याची मागची शेड भाड्याने दिली. एका खाटीकखान्याचे जुने शीतयंत्र मी स्वतः दुरुस्त केले. ते घरच्या चार फ्रिजांएवढी वीज खाते, जास्त नाही. आणि चीज करणारा माणूस आमच्याकडे होता : श्री. रेन्झो बर्तोलिन, वय ७६. हे गृहस्थ इटलीतल्या व्हेनेतोच्या डोंगरातून एकविसाव्या वर्षी इथे आले आणि कारखान्यात पंचेचाळीस वर्षे दुधाच्या टाकीशी उभे राहिले. कंपनीने त्यांना कधी चीज करू दिले नाही; फक्त लोणी. ते घरी करत, आणि नाताळात आम्हाला एकेक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून देत. ते मंडळीत यायला तयार झाले, पण एका अटीवर.

"मी दोघींना शिकवीन. नोलीन आणि तू. लिहून घ्यायचं नाही. हात घालून शिकायचं."

"मला कशाला? मी यंत्रवाली."

"म्हणूनच. तुला घाई नसते."

८. विजेसाठी मंडळीने अर्ज केला. वीज पुरवणाऱ्या कंपनीने दोन दिवसांत खाते उघडून दिले. त्यांना आम्ही चालतो. फक्त आपल्याला चालत नाही. आपले पत्र आले, की हे स्थळ २०३१ पर्यंत बचतीला बांधलेले आहे, आणि इथे वापरलेले प्रत्येक युनिट हा 'बचतभंग' ठरेल. पत्रामागोमाग एक माणूस आला आणि मेन स्विचला पिवळे सील लावून गेला. त्यावर लिहिले होते : 'बचत सुरक्षित'. मी आपल्या कार्यालयात फोन केला. फोनवरच्या बाईंनी नाव सांगितले नाही, संभाषण क्रमांक तेवढा सांगितला. तो जोडपत्रात आहे.

बाई म्हणाल्या, "तुम्ही आधीच्या वापरापेक्षा कमी वापर दाखवलात तर लगेच परवानगी मिळेल."

"आधीचा वापर शून्य आहे."

"मग त्यापेक्षा कमी."

"शून्यापेक्षा कमी वीज खाणारा फ्रिज कुठे मिळतो?"

"मान्यताप्राप्त उपकरणांची यादी संकेतस्थळावर आहे बघा."

"दुसरा काही मार्ग?"

"नोंद बदलून घेता येते. पण तसा अर्ज दाखले ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच करायचा. नाहीतर सुनावणी. पुढची तारीख ऑक्टोबर २०२६."

मी तारीख लिहून घेतली. त्यांना बहुधा माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही डिझेल जनरेटर लावा ना. आमची नोंदवही फक्त मीटरमधून गेलेली वीज बघते."

"म्हणजे वाचवलेली वीज जपायला डिझेल जाळू?"

"असं आम्ही म्हणत नाही." मग म्हणाल्या, "पण हो."

९. आम्ही जनरेटर लावला. मार्चपासून मेअखेरपर्यंत, विजेच्या जिवंत खांबापासून वीस पावलांवर, आम्ही दिवसभर डिझेल जाळून आपली ऊर्जाबचत सुरक्षित ठेवली. शेडमध्ये एकमेकांशी ओरडून बोलावे लागे. धूर आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गोणपाटे लावली, तरी तो आला. या काळात आपल्या कार्यालयाचे एक पत्र आले, की कुराबिल स्थळाची बचत अबाधित असल्याबद्दल अभिनंदन.

एप्रिलमध्ये श्री. बर्तोलिन यांना पक्षाघाताचा झटका आला. पंधरा दिवसांनी ते परत शेडमध्ये आले, पण उजवा हात कामाचा उरला नव्हता. चीजवाल्याचे सगळे काम त्या हातात असते : दूध किती फाटले, चोथा कधी कापायचा, कधी थांबायचे. डावा हात टाकीत घालून ते म्हणाले, "हा मूर्ख आहे. पंचेचाळीस वर्षं नुसता बादली धरायचा." त्या दिवसापासून ते घाईने शिकवू लागले. डॉक्टरांनी किती वेळ आहे ते सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते. आपली सुनावणी मात्र ऑक्टोबर २०२६ मध्ये होती.

मेच्या शेवटी चीजच्या पहिल्या बेचाळीस गोलांतला एक त्यांनी कापला. वास घेतला. नोलीनच्या पुढे धरला, माझ्या पुढे धरला. आम्हा दोघींनाही तो वास आला, पण दोघींनीही सांगितले नाही. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि हातरुमालात काढून टाकला.

"ट्रॅक्टर," ते म्हणाले. "ट्रॅक्टर खातोय मी."

नोलीन म्हणाल्या, "एवढं काही नाही येत, रेन्झो. लोक घेतील."

"लोक घेतील. मी देणार नाही."

बेचाळीसच्या बेचाळीस गोल नोलीनच्या डुकरांना गेले. श्री. बर्तोलिन स्वतः गाडीत बसून गेले, आणि शेवटचा गोल टाकेपर्यंत कुंपणाशी उभे राहिले. महोदय, आपण वाचवलेल्या विजेचे काय झाले याची नोंद हवी असल्यास ती ही आहे : शेडमध्ये राबणाऱ्या चार सभासदांची तीन महिन्यांची मेहनत, नोलीनच्या गाईंचे दूध, आणि एका म्हाताऱ्या माणसाची उरलेली थोडी ताकद, सगळे डुकरांपुढे. डुकरांनी तक्रार केली नाही. बहुधा तेही आपल्या मान्यताप्राप्त यादीत असावेत.

१०. दुसऱ्या दिवशी मी पूल ओलांडून टोलबरीला गेले. दाखल्यांचा मालक तो कारखाना, तेव्हा नोंद बदलायचा अर्ज त्यांनी करावा, ही विनंती घेऊन. व्यवस्थापकांनी मला भेट दिली नाही. देखभाल विभागाचे श्री. किथ मॅलिसन मात्र बाहेर आले. त्यांना काम मी शिकवले आहे.

"ग्वेन, सही माझ्या हातात नाही गं. आत ये, चहा घे तरी."

चहा आमच्याच बंबाचा होता. मग ते मला कॉम्प्रेसरच्या खोलीत घेऊन गेले. चार वर्षांनी मी ते दोघे पाहिले. हिरवा रंग तसाच. मी पहिल्यावर हात ठेवला. दुसऱ्यावर ठेवायची गरज पडली नाही, लांबूनच ऐकू येत होते.

"याच्या झडपेची पट्टी जातेय, किथ. महिन्याभरात बसेल हा."

"इथल्या इंजिनिअरला नाही ऐकू येत."

"त्याला काय ऐकू येतं?"

"जेवणाचा भोंगा." मग त्यांनी दार लावून घेतले आणि म्हणाले, "फोटो काढ. दोन्हींच्या पितळी पट्ट्यांचा. नंबर नीट दिसू देत."

"वेडा आहेस का? नोकरी जाईल तुझी."

"जाईल तर जाईल. माझं नावपण घाल अर्जात."

"का म्हणून?"

"अठ्ठ्याण्णव साली ती झडप उघडी कोणी ठेवली होती?"

ती त्यांनी ठेवली होती, आणि मी ठेवली असे मी साहेबांना सांगितले होते. सत्तावीस वर्षांत आम्ही दोघांनी तो विषय काढला नव्हता.

फोटो जोडले आहेत. आपल्या नोंदवहीच्या तिसाव्या पानावर जे दोन कॉम्प्रेसर 'काढून नष्ट केले' आहेत, त्यांचे क्रमांक आणि फोटोतले क्रमांक ताडून पाहावेत. त्यासाठी चष्मा पुरेल. पडताळणी संस्था नेमायची गरज नाही. श्री. मॅलिसन यांचे नाव त्यांच्या सांगण्यावरून लिहिले आहे. त्यांना त्रास झाल्यास तो कोणामुळे झाला हे सगळ्या काठाला माहीत असेल, दोन्ही काठांना.

११. दि. १६ जूनच्या हिवाळी सकाळी गोठलेले दंव वितळायची वाट पाहून आम्ही तेवीसही सभासद शेडमध्ये जमलो. श्री. बर्तोलिन टाकीशेजारी खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. मी नियमाप्रमाणे सील मोठ्याने वाचून दाखवले. कोणीतरी हसले. मी पक्कड लावली. आवाजसुद्धा झाला नाही. सील फारच हलक्या प्रतीचे होते. स्विच खाली ओढला, आणि शीतयंत्र सुरू झाले. इतकी शांतता होती, की तीन महिन्यांत प्रथमच आम्हाला टाकीतल्या दुधाचा आवाज ऐकू आला. दोन बायका रडल्या. मी नाही.

श्री. बर्तोलिन म्हणाले, "बटण दाबायला एवढी माणसं कशाला? जा, कामाला लागा. नोलीन, हात घाल. काय लागतंय?"

"मऊ आहे."

"मऊ तर उशीपण असते. नीट सांग."

"मऊ आहे... पण बोट काढलं की मिटतंय."

"स्वच्छ फाटत नाही ना? मग थांब. ग्वेंडा, तू घड्याळाकडे बघू नकोस. घड्याळाला काही माहीत नसतं."

बचतभंग तो हाच. दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला आणि आजतागायत चालू आहे.

१२. सहा आठवड्यांनी, २८ जुलैला, त्या दिवशीचा पहिला गोल कापला. श्री. बर्तोलिन यांनी तुकडा सावकाश चघळला. मग हात पुढे केला. दुसरा तुकडा हवा होता. त्यांनी दुसऱ्याने केलेल्या चीजचा दुसरा तुकडा मागितल्याचे मी उभ्या जन्मात पाहिलेले नाही. नोलीन शेडच्या मागे जाऊन आल्या. डोळे धुऊन आल्या होत्या.

दि. १२ ऑगस्ट रोजी सकाळी श्री. बर्तोलिन घरी वारले. आपली नोटीस १८ तारखेची आहे, आणि तीत माझ्याबरोबर त्यांचेही नाव आहे : 'संचालक, कुराबिल दूध सहकारी मंडळी, यांनी जादा वापराबाबत चौदा दिवसांत खुलासा करावा'. ती त्यांच्या पत्नी लुचिया यांनी फोडून वाचली आणि माझ्याकडे आणून दिली. त्यांना इंग्रजी सरकारी कागद नीट कळत नाहीत. त्यांनी विचारले, "रेन्झोने काय चोरलं?" मी सांगितले, काही नाही. श्री. बर्तोलिन यांचा वापर आता शून्य आहे. आपले कार्यालय त्याला काय म्हणते आणि त्याचे दाखले कोणाला विकते, ते मी विचारत नाही. कारण विचारले तर आपण उत्तर द्याल, याची मला भीती वाटते.

१३. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. कुराबिल स्थळाची बचत मुळात झालीच नव्हती, अशी नोंद करून तिचे दाखले रद्द करावेत, आणि टोलबरीने जाळलेली वीज टोलबरीच्या नावे लिहावी. 'पडताळणी केली' या शब्दांखालून माझी सही काढावी आणि 'मीटर पाहिला' या शब्दांखाली ठेवावी; त्यापेक्षा जास्त मी काही केले नव्हते. श्रीमती लुचिया बर्तोलिन यांना नोटीस मागे घेतल्याचे पत्र पाठवावे, त्यावर एखाद्या माणसाने हाताने सही करावी, आणि मजकूर दुसऱ्याला वाचून दाखवावा लागणार नाही इतका सोपा असावा.

हे शक्य नसल्यास कारवाई करावी, फक्त माझ्यावर करावी, आणि ती उघड करावी. महिला मंडळाचा हॉल मी रविवार, ७ सप्टेंबरसाठी मागून ठेवला आहे. दीडशे खुर्च्या आहेत. दोन्ही काठांचे लोक येणार आहेत. श्री. व्हिटबी यांनाही सोबत आणावे. आपण नोटिशीत ८ सप्टेंबरला वीज तोडण्याचे लिहिले आहे. तोडायला येणाऱ्या माणसाला कृपया आधी सांगून ठेवावे, की आत शीतघरात एकशे अठरा गोल पिकत आहेत, त्यांतले अकरा श्री. बर्तोलिन यांच्या डाव्या हाताचे आहेत, आणि दारात नोलीन क्रॉथर उभ्या असतील. त्या स्वभावाने शांत आहेत. पण टँकर बंद झाल्यापासून सकाळी त्यांना मोकळा वेळ असतो.

उत्तर येईपर्यंत वीज चालू राहील.

आपली,
नम्रपणा पुढील पत्रव्यवहारासाठी राखून ठेवून,

(सही)
ग्वेंडा ट्रेलोर
सचिव, कुराबिल दूध सहकारी मंडळी

सोबत जोडले आहे :

१. आपल्या नोटिशीच्या दोन प्रती, एक माझी आणि एक श्री. बर्तोलिन यांची.
२. दोन कॉम्प्रेसरच्या पितळी पट्ट्यांचे फोटो, टोलबरी, मे २०२५.
३. ट्रकच्या नऊ फेऱ्यांच्या पावत्या. त्यांवर माल काय होता ते लिहिलेले आहे.
४. दूरध्वनी संभाषणाचा क्रमांक व तारीख.
५. पिवळे सील, एक, तुटलेले. परत केल्याची पोच द्यावी.
६. दि. १६ जूनच्या चीजचा एक तुकडा, मेणकागदात. तो कोणत्याही रकान्यात बसत नसल्यास सहाव्या मजल्यावरील फ्रिजमध्ये ठेवावा, आणि ठेवण्यापूर्वी फ्रिज चालू असल्याची स्वतः दार उघडून खात्री करावी.